ई-वे बिलात या चुका टाळा: गाडी थांबते ती अशानं

शिरोली एमआयडीसीतून कास्टिंगची गाडी संध्याकाळी सुटली आणि तवंदी घाटात तिचा क्लच गेला. ट्रान्सपोर्टरनं रात्री साडेदहाला निपाणीहून दुसरी गाडी धाडली. हमालांनी बॅटरीच्या उजेडात माल एकीतून दुसरीत भरला आणि गाडी बंगळूरच्या वाटेला लागली. माल तोच, बिल तेच, पार्टी तीच. जीएसटीच्या ई-वे बिलात पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलात, मात्र नंबर घाटात उभ्या असलेल्या गाडीचा राहिला. पहाटे तपासणी पथकानं हात केला, नंबर टाकून बघितलं आणि गाडी बाजूला घ्यायला लावली. ड्रायव्हरनं तीन रात्री केबिनमध्ये काढल्या. त्या गाडीचा डिस्पॅच माझ्याकडे होता. त्याचा फोन आला तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "साहेब, माझं काय चुकलं?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

आपल्याकडे अजूनही बरीच मंडळी ई-वे बिलाकडे बिल्टीसारखं बघतात. बिल्टी फाडली, ड्रायव्हरच्या हातात दिली, काम संपलं. पण ई-वे बिल म्हणजे अमुक माल, अमुक गाडीतून, अमुक तारखेपर्यंत इथून तिथं चाललाय असं आपण सरकारला सांगून ठेवलेलं असतं, आणि माल उतरेपर्यंत ते खरं राहावं लागतं. अधिकारी तुमची प्रिंट बघत बसत नाही, पोर्टलवर त्या घडीला काय दिसतंय ते बघतो. १ एप्रिल २०१८ ला आंतरराज्य वाहतुकीला आणि २५ मे २०१८ ला महाराष्ट्रातल्या वाहतुकीला ही पद्धत लागू झाली. इतकी वर्षं झाली तरी गाड्या अडकतात त्या बहुतेक याच समजुतीपायी.

गाडी बदलली, पार्ट बी तसाच

ही सगळ्यात महागाची चूक, म्हणून आधी हीच. वाटेत गाडी बदलली तर माल दुसऱ्या गाडीत चढवून ती हलण्याआधी पार्ट बी मध्ये नवा नंबर भरायचा. मुदतीत असताना तो कितीही वेळा बदलता येतो, त्याला पैसे पडत नाहीत, दोन मिनिटांचं काम आहे. मग होत का नाही? आमच्या बाबतीत कारण साधं होतं. बिल करताना आम्ही ट्रान्सपोर्टर आयडी भरला होता. तो भरला की पुढे पार्ट बी बदलायचा हक्क त्या ट्रान्सपोर्टरकडे जातो, आपल्या लॉगिनमधून तो बदलत नाही. आणि त्या ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात लॉगिनचा ओटीपी येणारा मोबाइल एकच, तो मालकाच्या उशाशी. रात्री अकरा वाजता मुनीमजींनी फोन लावला, उचलला गेला नाही, "सकाळी करू" म्हणून राहिलं.

१ एप्रिल २०२५ पासून पोर्टलवर सगळ्यांनाच दोन टप्प्यांचं लॉगिन बंधनकारक आहे, पासवर्ड आणि वर ओटीपी. म्हणजे ही अडचण आता प्रत्येक ऑफिसात येऊ शकते. उपाय आजच करून ठेवा. मुख्य लॉगिनखाली सब-युजर काढा आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा मोबाइल जोडा. रात्रपाळीच्या माणसाचा जोडाच. एसएमएस वेळेवर येत नसेल तर संदेस ॲप किंवा एनआयसी-जीएसटी-शील्ड ॲपवरूनही ओटीपी मिळतो. नवा ट्रान्सपोर्टर लावताना भाड्याच्या आधी मी आता एक गोष्ट विचारतो: रात्री बारा वाजता गाडी बदलली तर पार्ट बी कोण भरणार? नाव आणि नंबर मिळाल्याशिवाय लोडिंग नाही.

याच विषयातला एक गैरसमज. पाठवणाऱ्याच्या जागेपासून ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनपर्यंत, त्याच राज्यात, ५० किलोमीटरच्या आत माल नेताना पार्ट बी भरला नाही तरी चालतं. लोक यातलं फक्त "५० किलोमीटर" लक्षात ठेवतात आणि छोटा हत्ती थेट गिऱ्हाइकाच्या दारात नेतात. ही सवलत ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनपर्यंतच्या, किंवा त्याच्या गोडाऊनपासून शेवटच्या डिलिव्हरीपर्यंतच्या तुकड्याला आहे. थेट डिलिव्हरीला पार्ट बी लागतोच.

मुदत कशी मोजतात

१ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि वरच्या तुकड्यालाही पूर्ण दिवस धरतात. ४१० किलोमीटर असेल तर तीन दिवस. त्याआधी १०० किलोमीटरला एक दिवस होता. जुन्या सवयीचे लोक अजून त्याच हिशेबानं निवांत राहतात.

मोजणी सुरू होते ती पार्ट बी पहिल्यांदा भरल्यापासून. पहिला दिवस संपतो पुढच्या तारखेच्या रात्री बाराला. १४ तारखेला रात्री ११.५० ला पार्ट बी भरला तर पहिला दिवस १५ तारखेच्या मध्यरात्री संपला. तोच वीस मिनिटांनी, म्हणजे १५ तारीख लागल्यावर १२.१० ला भरला तर १६ च्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. लोडिंग लांबलं आणि गाडी बाराच्या पुढेच निघणार हे दिसत असेल, तर संध्याकाळी सहाला पार्ट बी भरून ठेवण्यात एक अख्खा दिवस वाया जातो. पार्ट ए, म्हणजे माल, बिल आणि पत्त्यांचा भाग, आधी तयार ठेवा, पार्ट बी गाडी गेटवर आल्यावर भरा. गाडी नंतर बदलली म्हणून मुदत नव्यानं सुरू होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मुदत वाढवायची खिडकी संपण्याआधी ८ तास आणि संपल्यानंतर ८ तास. शनिवारी मध्यरात्री बिल संपत असेल तर शनिवारी दुपारी चारपासून रविवारी सकाळी आठपर्यंत. त्याबाहेर पोर्टल मुदत वाढवून देत नाही. आणि नेमकं असं शनिवार-रविवारीच होतं: गाडी पार्टीच्या गेटवर शनिवारी संध्याकाळी पोचते, सिक्युरिटी "सोमवारी या" सांगतो, ड्रायव्हर बाहेर रस्त्याच्या कडेला लावून झोपतो. पोचलो म्हणजे झालं असं त्याला आणि आपल्याला वाटतं. माल उतरलेला नाही आणि बिल मेलेलं आहे. मी प्रत्येक बिल करताना मुदत संपण्याच्या सहा तास आधीचा गजर मोबाइलवर लावतो. मुदत वाढवताना गाडी सध्या कुठे आहे, तिथला पिनकोड, राहिलेलं अंतर आणि कारण विचारतात, तेव्हा आधी ड्रायव्हरला फोन करा, अंदाजानं भरू नका.

पिनकोड कोणाचा टाकला?

अंतर पोर्टल पिनकोडवरून स्वतः काढतं. आपल्याला त्यात दहा टक्क्यांपर्यंतच वाढ करता येते. बिल एका पार्टीच्या नावे आणि माल दुसऱ्या ठिकाणी, असा व्यवहार असला की इथे हमखास घोळ होतो. पुण्याच्या पार्टीनं माल होसूरला टाकायला सांगितला. क्लार्कनं डिलिव्हरीच्या रकान्यातही पुण्याचाच पिनकोड ठेवला. कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. गाडी तर तमिळनाडूच्या हद्दीत जायची. तिसऱ्या दिवशी ती बिलाशिवाय पळतेय आणि कोणाला पत्ताच नाही. "बिल टू" आणि "शिप टू" हे दोन्ही पत्ते मोठ्यानं वाचून घ्या, मग सेव्ह करा. पार्ट ए नंतर दुरुस्त होत नाही. चूक दिसली तर २४ तासांत रद्द करून नवं काढायचं, आणि वाटेत अधिकाऱ्यानं ते बिल तपासलं असेल तर रद्दही होत नाही.

पन्नास हजार की एक लाख?

ई-वे बिल लागायची मर्यादा महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाची, राज्याबाहेर पन्नास हजारांची. सावंतवाडीहून म्हापशाला माल जातो तेव्हा अंतर थोडंच असतं, पण तो गोव्यात जातो, म्हणजे पन्नास हजारच. जॉबवर्कसाठी परराज्यात माल पाठवताना तर रक्कम कितीही छोटी असो, बिल लागतंच. इचलकरंजीकडच्या मंडळींनी हे बघावं: सूत, कापड, कपडे राज्यातल्या राज्यात जॉबवर्कला ५० किलोमीटरच्या आत न्यायला सूट आहे, पण बोरगाव किंवा निपाणीला गेलात की कर्नाटक सुरू होतं. आणखी एक, रक्कम करासकट धरायची. ९०,००० चा माल, १८ टक्के कर धरून १,०६,२०० होतो.

ई-इनव्हॉइस असेल तर

पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा नोंदणी नंबर, आधी लागतो. बिल रद्द करायची वेळ आली की लोक थेट आयआरएन रद्द करायला जातात आणि पोर्टल नाही म्हणतं, कारण त्यावरचं ई-वे बिल जिवंत असतं. आधी ई-वे बिल रद्द, मग आयआरएन, दोन्ही २४ तासांत. रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही, नवा घ्या.

बिल निघतच नसेल तर खातं ब्लॉक झालंय का ते बघा. सलग दोन जीएसटीआर-३बी रिटर्न राहिले की हे होतं. रिटर्न भरल्यावर सहसा आपोआप सुटतं. घाई असेल तर पोर्टलवर ब्लॉक स्टेटस अपडेट करायची सोय आहे.

गाडी थांबवलीच तर

ड्रायव्हरजवळ मूळ बिल किंवा डिलिव्हरी चलन हवं. ई-वे बिलाची प्रिंट असलीच पाहिजे असं नाही, नंबर दाखवला तरी नियमात बसतं. ई-इनव्हॉइस असेल तर क्यूआर कोड मोबाइलवर चालतो. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं मूळ कागदासारखंच धरतात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तसा धरत नाहीत. ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये ती ॲप्स तुम्ही स्वतः बसवून द्या, त्याच्यावर सोडू नका.

चूक किरकोळ असेल तर भांडायला आधार आहे. १४ सप्टेंबर २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकात, क्रमांक ६४, स्पष्ट लिहिलंय की नावातलं स्पेलिंग चुकलं पण जीएसटी नंबर बरोबर आहे, गाडीच्या किंवा बिलाच्या नंबरात एक-दोन अक्षरं इकडची तिकडं झाली, पिनकोड चुकला पण पत्ता बरोबर आहे आणि त्यानं मुदत वाढत नाही, अशा चुकांना कलम १२९, म्हणजे माल-गाडी अडकवून दंड करायचं जीएसटी कायद्यातलं कलम, लावू नये. केंद्र-राज्य मिळून ५०० अधिक ५०० असा दंड घ्यावा. आमच्या गाडीला हे लागू झालं नाही. नंबरच सगळा वेगळा होता. चार लाखांचा माल, त्यावर ७२,००० कर, आणि कलम १२९ खाली दंड कराच्या दुप्पट, १,४४,०००.

ड्रायव्हरकडून एमओव्ही-०१ या फॉर्ममध्ये जबाब घेतात. तो बहुधा घाबरलेला असतो, भाषा परकी असते, आणि "मालकाला माहीत नाही" असं काहीतरी लिहिलं जातं. आमच्या प्रत्येक गाडीत आता हिंदी आणि मराठीत एक कागद असतो: सही करण्याआधी ऑफिसला फोन करायचा, काय लिहिलंय ते वाचून घ्यायचं, गाडी बदलली असेल तर कुठे आणि किती वाजता ते सांगायचं. ३० मिनिटांहून जास्त थांबवलं तर ट्रान्सपोर्टर पोर्टलवर ईडब्ल्यूबी-०४ फॉर्ममध्ये ते नोंदवू शकतो. अधिकाऱ्यानंही २४ तासांत तपासणीचा गोषवारा चढवायचा असतो.

गाडी अडकवून ठेवल्यापासून ७ दिवसांत नोटीस आणि नोटिशीपासून ७ दिवसांत आदेश यायला हवा. भाडं चढतंय, पार्टी ओरडतेय म्हणून आपण दंड भरून गाडी सोडवतो, ते समजण्यासारखं आहे. पण एमओव्ही-०९ चा, म्हणजे दंडाचा, आदेश लेखी मागून घ्या. अपिलाला तीन महिने मिळतात आणि दंडाच्या १० टक्के आधी भरावे लागतात (ऑक्टोबर २०२५ च्या आधी २५ टक्के होते). तो आदेश हातात नसेल तर अपील कशावर करणार?