पहिली छोटी ईव्ही घेताय? या चुका टाळा

रात्री ४० टक्क्यांवर चार्जिंगला लावलेली गाडी सकाळीही ४० टक्क्यांवरच. शोरूमला फोन करण्याआधी भिंतीवरचा सॉकेट बघा.

एमजी कॉमेट या छोट्या इलेक्ट्रिक कारचंच उदाहरण घ्या. बॅटरी १७.३ किलोवॉट-तासांची, साधा चार्जर ३.३ किलोवॉटचा. २३० व्होल्टने भागलंत तर १४ अँपियरच्या वर जातं, आणि तेही तास-दोन तास नाही, सहा-सात तास सलग. मिक्सरच्या ६ अँपियरच्या सॉकेटचं हे काम नव्हे. ‘गीझरच्या पॉइंटवर चालतं की,’ असं वायरमन म्हणेल. पण गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी रात्रभर ओढत राहते. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली सोडलेलं एक्स्टेन्शन तर नकोच. उरलेली वायर गुंडाळून ठेवली की ती आणखी तापते. प्लगला हात लावून चटका बसला किंवा पिन काळी पडलेली दिसली, तर त्याच दिवशी थांबा. मीटरपासून वेगळी लाइन, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा लोड आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) एवढं करून घ्या. सोसायटीला अर्ज लेखीच द्या. तोंडी ‘हो’ पुढच्या कमिटीपर्यंत टिकत नाही.

चार्जरवर लाल दिवा लागून चार्जिंग सुरूच होत नसेल, तर बहुधा अर्थिंग नाही. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात वायरच नसते. इथे एक घातक जुगाड चालतो: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे. दिवा हिरवा होतो खरा, पण पुढे कधी न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. अर्थिंगचा खड्डाच करून घ्या.

रेंजचं थोडक्यात. कंपनी २३० किलोमीटर सांगते. एसी लावून शहरात दीडशे धरून चाला. लोणावळ्यात १०० टक्के भरून बोरघाट उतरू नका. उतारावर वेग कमी करताना ईव्ही वीज तयार करून बॅटरीत परत भरते. भरलेल्या बॅटरीत ती घ्यायला जागा नसते, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

बॅटरी ८० टक्के, तरी गाडी मुकी? दरवाजे, स्क्रीन, सुरू होण्याची यंत्रणा हे सगळं वेगळ्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तीच आधी मान टाकते.

आणि घरात सोळा वर्षांचं कोणी असेल तर ऐका. फ्रान्समध्ये १४ वर्षांची मुलं सिट्रोएन आमी चालवतात, हे रील त्यांनी पाहिलेलं असतंच. आमी तिथल्या कायद्यात कार नाही, हलकी क्वाड्रिसायकल आहे, म्हणजे कारपेक्षा हलक्या वर्गातलं चारचाकी वाहन. आपल्याकडे कॉमेट तीन मीटरहून आखूड असली, गिअर नसले, तरी ती कारच. अठराच्या आतल्या मुलाच्या हातात सापडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द.