व्हीएने अँग्झायटीचा क्लेम नाकारला? अपील असं करा

माझा मुलगा अमेरिकन आर्मीत होता. परत आल्यावर त्याने व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या अमेरिकन सरकारी खात्याकडे, अँग्झायटीचा डिसॅबिलिटी क्लेम टाकला, तो नाकारला गेला, ते पत्र त्याने दोन ओळी वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मला सापडलं ते चार महिन्यांनी. म्हणून सगळ्यात आधी पत्रावरची तारीख बघा. त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अपील केलं आणि पुढे जिंकलात तर थकलेले पैसे साधारणपणे जुन्या क्लेमच्या तारखेपासून धरतात. वर्ष उलटून गेलं तरी नवीन पुरावा देऊन सप्लिमेंटल क्लेम टाकता येतो, पण मागची तारीख सहसा हातातून जाते, आणि मधल्या काळाचे पैसेही.

तारीख बघितली की पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा, हायलायटर घेऊनच बसा. नकार का दिला ते त्यातच असतं. सर्व्हिस कनेक्शनला, म्हणजे त्रास लष्करातल्या नोकरीमुळे झाला हे मान्य व्हायला, तीन गोष्टी लागतात, आजचं निदान, नोकरीत असताना घडलेली घटना किंवा तेव्हा सुरू झालेला त्रास, आणि या दोघांना जोडणारा दुवा ज्याला सगळे नेक्सस म्हणतात. 'फेवरेबल फाइंडिंग्ज' नावाचा भाग शोधा, तिथे व्हीएने जे मान्य केलंय ते लिहिलेलं असतं आणि पुढे अपीलमध्येही ते सहसा धरूनच चालावं लागतं, त्यामुळे त्याच गोष्टी परत सिद्ध करत बसू नका. आमच्याकडे निदान मान्य होतं, घटना मान्य होती, अडलं होतं फक्त नेक्ससवर. हे कळेपर्यंत मी कागदांचा ढीग जमवत होते आणि त्यातला निम्मा काहीच कामाचा नव्हता.

काय कमी पडलंय ते कळलं की रस्ता निवडणं सोपं जातं. १९ फेब्रुवारी २०१९ पासून तीन रस्ते आहेत. नवीन आणि मुद्द्याचा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५. पुरावा सगळा फाइलमध्ये आहे पण तो नीट बघितलाच नाही असं वाटत असेल तर हायर लेव्हल रिव्ह्यू, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, फॉर्म २०-०९९६, इथे नवीन कागद अजिबात चालत नाही, फक्त रिव्ह्यू करणाऱ्याशी एकदा फोनवर बोलून चूक कुठे झाली ते दाखवता येतं (फॉर्मवर तो पर्याय निवडायला विसरू नका). तिसरा रस्ता बोर्ड अपीलचा, फॉर्म १०१८२, तिथे व्हेटरन्स लॉ जज निकाल देतात पण वेळ खूप लागतो. नेक्सस नसताना हायर लेव्हल रिव्ह्यू टाकू नका असं मी कळकळीने सांगते, जो कागद फाइलमध्ये नाहीच तो रिव्ह्यू करणाऱ्याला दिसणार कुठून?

नेक्सस लेटरमध्ये डॉक्टरने 'असू शकतं' असं मोघम लिहिलं तर काही उपयोग नाही. सर्व्हिसमुळे हा त्रास झाला असण्याची शक्यता निदान पन्नास टक्के तरी आहे असं स्पष्ट हवं, कुठले रेकॉर्ड बघितले ते हवं, आणि का वाटतं त्याचं कारण हवं. कारण नसलेलं पत्र फार टिकत नाही. अँग्झायटी थेट सर्व्हिसमध्ये सुरू झाली नसेल पण सर्व्हिस कनेक्शन मिळालेल्या पाठदुखीमुळे किंवा कानात सतत वाजणाऱ्या टिनिटसमुळे झाली असेल तर सेकंडरी म्हणूनही मागता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता मुलाच्या बाबतीत जे झालं ते सांगते. सी अँड पी एक्झाममध्ये, म्हणजे क्लेमसाठी व्हीए जी वैद्यकीय तपासणी करून घेते तिच्यात, कसा आहेस विचारल्यावर तो म्हणाला आय ॲम फाइन. घरीही हेच, आई मी ठीक आहे. तेच वाक्य रिपोर्टमध्ये गेलं. एक्झामला जाताना सगळ्यात वाईट दिवस कसा जातो ते सांगायचं, वाढवून नाही आणि लपवूनही नाही. दुसऱ्या वेळी मी फॉर्म २१-१०२१० वर माझं स्टेटमेंट दिलं. 'त्याला खूप टेन्शन असतं' असं नाही लिहिलं. रात्री दोनला उठतो, पुढचं दार, मागचं दार, गॅरेजचं दार, प्रत्येक हँडल दोनदा फिरवून बघतो, झोपतो आणि तीनला परत उठतो, हे आठवड्यातून चार पाच वेळा, आणि भाचीच्या वाढदिवसाला घरात माणसं जमली तेव्हा केक कापेपर्यंत तो बाहेर गाडीत बसून होता. काय दिसलं, किती वेळा, कामावर काय परिणाम झाला, एवढंच लिहा.

हे 'किती वेळा' महत्त्वाचं आहे कारण टक्केवारी, म्हणजे डिसॅबिलिटी किती धरली जाते तेही, त्यावर अवलंबून असते. मानसिक आजारांना ०, १०, ३०, ५०, ७० किंवा १०० टक्के मिळतात. ३० च्या वर्णनात पॅनिक अटॅक आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी, ५० मध्ये आठवड्यातून एकदापेक्षा जास्त, ७० मध्ये जवळपास सतत. पण ती लक्षणं उदाहरणादाखल आहेत, सगळी असायलाच हवीत असं नाही, खरा प्रश्न काम आणि नाती किती बिघडली हा. अँग्झायटी, डिप्रेशन, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास) सगळ्याचं मिळून सहसा एकच रेटिंग देतात, म्हणून नावावरून भांडण्यात शक्ती घालवू नका. क्लेम मंजूर झाला पण टक्के कमी मिळाले, तर त्यावरही याच तीन रस्त्यांनी अपील होतं.

मदत फुकट मिळते. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे ॲक्रेडिटेड, म्हणजे व्हीएची मान्यता असलेले, प्रतिनिधी पैसे घेत नाहीत, फॉर्म २१-२२ भरून त्यांना नेमायचं. वकील घ्यायचा तर तोही ॲक्रेडिटेड आहे का ते व्हीएच्या साइटवर तपासा, थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी साधारण वाजवी धरली जाते. आणि आपली पूर्ण क्लेम फाइल फॉर्म २०-१०२०६ ने मागवून घ्या, आम्ही ती आधीच मागवायला हवी होती.

या सगळ्यात महिने जातात आणि तोपर्यंत माणूस तोच त्रास काढत असतो. म्हणून अपील चालू असताना थेरपी, औषधं थांबवू देऊ नका, व्हीएच्या व्हेट सेंटरमध्ये कौन्सेलिंग फुकट मिळतं, त्यासाठी क्लेम मंजूर असायची गरज नाही. आणि रात्री फारच वाईट झालं तर ९८८ ही संकटकाळची हेल्पलाइन लावून माजी सैनिकांसाठी १ दाबायचं, चोवीस तास कोणीतरी असतं. हा नंबर माझ्या, त्याच्या आणि त्याच्या बहिणीच्या फोनमध्ये सेव्ह आहे.