मायग्रेनसाठी केटो: आधी वही, मग आहार

अर्धशिशीसाठी (मायग्रेनसाठी) केटो, म्हणजे अगदी कमी कर्बोदकांचा आहार, करून बघायचा असेल, तर पहिला महिना ताटाला हातच लावू नका. नुसती वही लिहा: डोकं कधी दुखलं, किती तास, कोणती गोळी घेतली, आदल्या रात्रीची झोप, पाळीची तारीख. मी ही पायरी गाळली होती. दोन महिन्यांनी नवऱ्याने विचारलं, "फरक पडला का गं?" आणि मला सांगताच येईना. सगळं थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

हा आहार मूळचा फिट्सवरचा, 1921 साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलेला. कर्बोदकं इतकी कमी करायची की यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागतं आणि मेंदू बऱ्याच अंशी त्यांच्यावर भागवतो. मायग्रेनवर झालेले अभ्यास अजून छोटे आहेत, तेव्हा चालू औषधं मनाने बंद करू नका.

डॉक्टरांना आधी विचाराच. मायग्रेनसाठी टोपिरामेट घेत असाल तर केटोसोबत मूतखड्याचा आणि रक्तातली आम्लता वाढण्याचा धोका असतो. मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन गोळ्या (डापाग्लिफ्लोझिनसारख्या) चालू असतील किंवा गरोदर असाल, तर हा प्रयोग स्वतःहून करू नका.

मी एकदम 20 ग्रॅम कर्बोदकांवर उतरले नाही. आधी दिवसाला 100 ग्रॅम कर्बोदकं, मग 50, मग 30. एका मध्यम केळ्यात 27 ग्रॅमच्या आसपास असतात, यावरून अंदाज येईल.

खरी परीक्षा पहिल्या आठवड्यात. इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी बाहेर टाकतात, आणि डोकं दुखायला लागतं. माझं हे दुखणं दोन्ही बाजूंना, पट्टी आवळल्यासारखं होतं. नेहमीचं एका बाजूने ठणकतं आणि मळमळ घेऊन येतं. वहीत दोन्ही वेगळी लिहा. मिठाचं गरम सूप आणि भरपूर पाणी यांनी मला तासाभरात बरं वाटायचं. रक्तदाब जास्त असेल तर मात्र मिठाचं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

केटोसोबत उपवास जोडू नका, कारण भूक हेच अनेकांना मायग्रेनचं निमित्त होतं. कॉफीही त्याच आठवड्यात सोडू नका, नाहीतर डोकं कशाने दुखलं ते कळणार नाही. मुरवलेलं चीज केटोत चालतं, पण काहींना त्यानेच झटका येतो. मला येतो, म्हणून अंडी, मासे, पालक, लोणी यांवर भागवलं. (पोट साफ होत नाही, ही तक्रारही येणार. पालेभाजी वाढवा.)

रक्तातले कीटोन लिटरमागे 0.5 ते 3 मिलिमोल आले की झालं. रोज सुई टोचून आकडा बघायचा नाद मी लवकरच सोडला.

तीन महिन्यांनी वहीतले दुखण्याचे दिवस मोजा, गोळ्यांचेही. साधी वेदनाशामकं महिन्यात 15 दिवस किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) 10 दिवस किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखत असेल. अशा वेळी ताटात आणखी काटछाट करत बसू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा.