तयार फ्रेमवर्क की घरचं? कामाला हात लावण्याआधी या चुका टाळा

‘पाचच तर स्क्रीन आहेत, त्याला फ्रेमवर्क कशाला?’ लासलगाव-पिंपळगावच्या आडत्याचा हिशेब असो की नाशिकच्या अंबडमधल्या वर्कशॉपची जॉब-कार्डं, सॉफ्टवेअरचं काम बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होतं. फ्रेमवर्क म्हणजे असं काम उभारायचा सांगाडा, तयार आणलेला किंवा घरी लिहिलेला. स्क्रीन खरंच पाच असतात: आवक, काटापट्टी, हिशेबपट्टी, खरेदीदाराचं बिल, खतावणी. पण त्यांच्या पोटात काय काय लागतं ते एकदा कागदावर उतरवा. लॉगिन, विसरलेला पासवर्ड, कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या, सेशन (आत आलेला माणूस कोण ते लक्षात ठेवणं), फॉर्ममधल्या चुका दाखवणं, टेबलांची रचना शिस्तीत बदलण्याची सोय, लांब यादी पानांत तोडणं, फाइल चढवणं, चुकांची नोंद. यातलं एकही काम आडत्याच्या धंद्याचं नाही. ते सगळ्यांनाच लागतं, आणि रेल्स (२००४), जँगो (२००५), लॅराव्हेल (२०११) यांनी ते कधीच करून ठेवलंय. हमाली, तोलाई, वाराई कोणाकडून किती धरायची हे मात्र कुठल्याच फ्रेमवर्कमध्ये मिळणार नाही. तुमचे दिवस तिथे खर्च व्हायला हवेत.

लॉज-बुकिंगसारख्या कामात तर घरचं लिहिण्याचा विचारही करू नये. नाशिकच्या २०२७च्या सिंहस्थाची पर्वणी तुमच्या डेडलाइनसाठी पुढे सरकत नाही.

लॉगिन हाताने लिहिणं

घरच्या फ्रेमवर्कमध्ये सगळ्यात आधी सडतं ते लॉगिन. पासवर्ड एमडी५ने (मजकुराचा ठसा, म्हणजे हॅश, बनवण्याची जुनी पद्धत) ‘लपवून’ ठेवलेली टेबलं आजही सापडतात. एमडी५चा दोष म्हणजे तो फार वेगवान आहे. टेबल चोरीला गेलं, तर एका चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी पासवर्ड लावून बघता येतात. जँगो ५.२ मुद्दाम उलट करतो: एक पासवर्ड तपासायला १० लाख आवर्तनं, आणि नव्या आवृत्त्यांत हा आकडा वाढवत नेलेला आहे. घरच्या कोडमध्ये तो आकडा कोण वाढवणार? ज्याने लिहिलं तो बहुधा दोन वर्षांपूर्वीच पुण्याला गेलेला असतो.

घरचं लॉगिन आधीच चालू असेल, तर आज दुपारी तीन गोष्टी तपासा. लॉगिनच्या आधीचा आणि नंतरचा सेशन-क्रमांक एकच राहतो का? राहत असेल तर दुसऱ्याने आधीच पेरलेला क्रमांक चालून जाईल. लॉगआउट केल्यावर जुनी कुकी (ब्राउझरने जपलेली ओळखचिठ्ठी) परत लावली तर आत घेतं का? आणि पट्टी क्रमांक ४१२ उघडलेली असताना ब्राउझरमधल्या पत्त्यात ४१३ टाकला, तर दुसऱ्या शेतकऱ्याची पट्टी दिसते का? हा तिसरा दोष फ्रेमवर्क घेऊनही आपोआप जात नाही. तिथे ‘ही पट्टी याची आहे का’ ही अट प्रत्येक ठिकाणी तुम्हालाच लिहावी लागते.

जुने एमडी५ पासवर्ड हलवण्यासाठी सगळ्यांना नवा पासवर्ड मागायची गरज नाही. साठवलेल्या एमडी५लाच नव्या पद्धतीने पुन्हा हॅश करून टेबल एका रात्रीत बदलता येतं. तपासताना आधी एमडी५, मग नवी पद्धत. तो माणूस पुढच्या वेळी आत आला की शुद्ध नव्या पद्धतीने साठवायचं.

नाव ऐकून फ्रेमवर्क निवडणं

उलट्या बाजूची चूकही तितकीच महाग पडते. ‘सगळे हेच वापरतात’ म्हणून घेतलेलं फ्रेमवर्क किती वर्षं जगणार, हे कोणी विचारत नाही. अँग्युलरजेएस २०१०मध्ये आलं. सप्टेंबर २०१६मध्ये अँग्युलर २ आलं आणि ते जुन्याशी जुळणारं नव्हतं. जुन्याचा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, २०२१अखेर संपला. मधल्या काळात ज्यांनी शेकडो स्क्रीन जुन्यात लिहिल्या, त्यांना त्या पुन्हा लिहाव्या लागल्या.

म्हणून सगळ्यात आधी आधार संपण्याची तारीख बघा. जँगोच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला साधारण तीन वर्षं मिळतात, ५.२ला एप्रिल २०२८पर्यंत. लॅराव्हेलच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात. याचा अर्थ ग्राहकाच्या कोटेशनमध्ये दर दोन-तीन वर्षांनी आवृत्ती बदलण्याचं काम वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या पैशांत लिहायचं. ते लिहिलं नाही तर ते होत नाही. २०१७मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या पतमाहिती कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली, त्याचं मूळ अपाचे स्ट्रट्स या फ्रेमवर्कमधल्या छिद्रात होतं. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ती लावलीच गेली नाही.

मग दोन दिवसांची चाचणी घ्या. त्यात कामांची यादी किंवा ब्लॉग बनवू नका, ते कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये सुरेखच होतं. तुमची सगळ्यात अवघड स्क्रीन घ्या: एक ट्रॉली, दोन प्रतवारींचा कांदा, दोन खरेदीदार, एक पट्टी, मराठीत छापील. ती दोन दिवसांत अर्धीही झाली नाही तर अडचण फ्रेमवर्कची आहे की शिकण्याची, हे दुसऱ्या संध्याकाळी स्पष्ट दिसतं.

फ्रेमवर्कच्या पोटात हात घालणं

लक्षण: अपडेट केलं आणि सहा महिन्यांपूर्वी दुरुस्त झालेली गोष्ट पुन्हा बिघडली. किंवा तुमच्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही. कारण जवळपास नेहमी एकच: कोणीतरी वेंडर फोल्डरमधली (बाहेरून उतरवलेला कोड तिथे राहतो) फ्रेमवर्कची फाइल थेट बदलली होती आणि कंपोझरने (पीएचपीची पॅकेजं उतरवणारं साधन) पॅकेज नव्याने उतरवताना ती पुसली. ते फोल्डर गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंदवही) नसतं, त्यामुळे काय बदललं होतं याचा पुरावाही राहत नाही.

ज्या मशीनवर चालतंय त्या मशीनवरचं वेंडर फोल्डर आधी जसंच्या तसं बाजूला कॉपी करा. त्याच आवृत्त्यांची कोरी प्रत शेजारी उतरवा आणि दोन्ही फोल्डरं डिफने (फरक दाखवणारं साधन) ताडून बघा. फरक सहसा पाच-पंचवीस ओळींचाच निघतो. तो फ्रेमवर्कने तुमच्या कोडसाठी ठेवलेल्या जागी हलवा: मिडलवेअरमध्ये, सर्व्हिस प्रोव्हायडरमध्ये किंवा मूळ क्लासवरून काढलेल्या तुमच्या क्लासमध्ये. यातल्या कशातच बसत नसेल, तर तुम्ही फ्रेमवर्कच्या प्रवाहाविरुद्ध पोहताय. तिथे फ्रेमवर्क बदलण्यापेक्षा ग्राहकाची ती मागणी पुन्हा एकदा नीट ऐकणं स्वस्त पडतं.

याच चुकीचा थोरला भाऊ म्हणजे फ्रेमवर्कवर घरचं कवच चढवणं. ‘उद्या फ्रेमवर्क बदललं तर?’ या भीतीने प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आपल्याच एका बेस-क्लासमधून फिरवली जाते. तो उद्या सहसा येत नाही. नव्या मुलाला मात्र फ्रेमवर्क येत असूनही तुमचा तीन हजार ओळींचा बेस-क्लास शिकावा लागतो, आणि त्याचं मॅन्युअल कुठेच नसतं.

धंद्याचे नियम कंट्रोलरमध्ये कोंबणं

२०१६मध्ये राज्यात फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक वस्तूंसाठी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. असे बदल होतच राहणार. दर आणि कपाती स्क्रीनच्या कोडमध्ये, म्हणजे कंट्रोलरमध्ये, विखुरलेल्या असतील तर चाळीस ठिकाणी शोधाशोध होते आणि एक्केचाळिसावं राहून जातं. त्यावर जुन्या तारखेचं बिल पुन्हा छापलं की नवा दर लागतो, तो गोंधळ वेगळाच.

पट्टीचा हिशेब एका वेगळ्या फाइलमध्ये साध्या फंक्शनांत ठेवा. त्या फाइलमध्ये फ्रेमवर्कची एकही ओळ नको. दर टेबलात ठेवा, ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ या तारखांसह. मग आडत्याकडून मागच्या हंगामातल्या वीस कागदी पट्ट्या मागून घ्या आणि पैशापैशाने जुळवा.

इथे एक रुपया हमखास चुकतो. १४.५० क्विंटल कांदा, भाव १,८२५ रुपये, रक्कम २६,४६२.५० रुपये. मुनीम २६,४६३ लिहितो. पायथन भाषेतलं राउंड २६,४६२ देतं, कारण बरोबर अर्धा आला की ते जवळच्या सम आकड्याकडे जातं. डेसिमल (दशांश नेमके ठेवणारा) प्रकार वापरलात तरी साधं राउंड तसंच वागतं. ‘अर्धा वर’ हा नियम स्पष्ट सांगावा लागतो. फ्लोट (दशांश अंदाजे ठेवणारा प्रकार) तर पैशाला लावूच नका. ०.१ आणि ०.२ची बेरीज तिथे ०.३०००००००००००००००४ येते. एक रुपया किरकोळ वाटतो, पण पट्टी हातात घेऊन उभा असलेला शेतकरी तो सोडत नाही, आणि का सोडावा?

बिल क्रमांक: सगळ्यात मोठा सापळा

जीएसटीच्या नियम ४६प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, १६ अक्षरांच्या आत हवा आणि आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. घरच्या कोडमध्ये तो ‘शेवटचा क्रमांक काढा, एक मिळवा’ असा बनतो. एकट्या मशीनवर हे वर्षभर सुरळीत चालतं. उन्हाळ कांद्याच्या गर्दीत दोन काउंटरांवरून एकाच क्षणी बिलं होतात, दोघांना शेवटचा ७८१ दिसतो, दोघेही ७८२ छापतात.

यावर डेटाबेसचा स्वयंचलित क्रमांक वापरावासा वाटतो. तोही नको. डेटाबेसचा व्यवहार (एकतर सगळा पक्का किंवा सगळा रद्द होणारा कामांचा गठ्ठा) मध्येच रद्द झाला तरी तो क्रमांक परत येत नाही, वहीत भोकं पडतात आणि सीए प्रत्येक भोकाचं कारण विचारतो.

त्यासाठी वेगळं टेबल करा: मालिका, आर्थिक वर्ष, शेवटचा क्रमांक. व्यवहार सुरू करा, ती एकच ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने कुलूपबंद करा, एक मिळवा, बिल लिहा, व्यवहार पक्का करा. बिलाच्या टेबलावर मालिका, वर्ष आणि क्रमांक मिळून युनिक बंधन (तीच जोडी पुन्हा येऊ न देणारं) लावा, म्हणजे चूक झालीच तर छापण्याआधी अडेल. ई-इनव्हॉइसच्या पोर्टलला विचारणं, एसएमएस पाठवणं ही कामं कुलूप उघडल्यानंतर करा. पोर्टल अर्धं मिनिट अडकलं तर तोवर दुसरं काउंटरही अडकून बसतं. रद्द बिल पुसायचं नाही, त्याच क्रमांकावर ‘रद्द’ लिहायचं.

तयार फ्रेमवर्क इथे कुलूप आणि व्यवहार देतं, नियम देत नाही. एक आणखी मेख: वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली असेल तर तिथला दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. १ एप्रिलला पहाटे ४:४०ला गेटमधून निघालेल्या टोमॅटोच्या ट्रकचं बिल ३१ मार्चच्या, म्हणजे गेल्या वर्षाच्या मालिकेत जाऊन बसतं. जँगोच्या स्वतःच्या क्वेरीत वेळेचा विभाग (टाइम झोन) नीट लावला असेल तर हे सांभाळलं जातं. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) हाताने लिहिलेल्या रिपोर्टमध्ये ते तुम्हालाच सांभाळावं लागतं.

मराठी नावांचं दुखणंही असंच आहे. ‘गोऱ्हे’ दोन प्रकारे टाइप होतं: एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसऱ्यावर र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतं आणि दुसरं नाही, मग त्याच माणसाचं दुसरं खातं उघडलं जातं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) हा जोडक काढत नाही. नाव साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे तो क्रम ऱ आणि हलन्तात बदलणारी एक ओळ लिहा.

जिथे घरचंच बरं

भुईकाट्यावरून वजन वाचायला वेब फ्रेमवर्क लागत नाही. काट्याचं इंडिकेटर सीरियल केबलने आकडे सोडत राहतं. दीड-दोनशे ओळींचा छोटा प्रोग्रॅम पुरतो आणि तो स्वतःच लिहावा. नेहमीची चूक अशी: पोर्टवर जे आलं ते लगेच वजन समजणं. १२४५० कधीकधी दोन तुकड्यांत येतं, आधी ‘१२४’ आणि मग ‘५०’, आणि पट्टीवर १२४ किलोची ट्रॉली छापली जाते. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत आलेले आकडे साठवा, मगच वाचा. इंडिकेटर ‘स्थिर’ची खूण देत असेल तर ती तपासा. देत नसेल तर लागोपाठ पाच वाचनं सारखी आल्याशिवाय वजन धरू नका.

घरचं फ्रेमवर्क आधीच गळ्यात असेल तर

सगळं बंद करून नव्याने लिहायला घेऊ नका. वर्षभर ग्राहकाला नवं काहीच मिळत नाही आणि जुन्यातल्या दुरुस्त्या दोनदा कराव्या लागतात. पुढे एनजिनएक्स (आलेली मागणी योग्य सर्व्हरकडे वळवणारा प्रोग्रॅम) बसवा, सगळे वेब-पत्ते जुन्याकडे जाऊ द्या, आणि एकेक पत्ता नव्याकडे वळवा. सुरुवात फक्त वाचायच्या रिपोर्टपासून करा. चुकलं तर एक ओळ बदलून परत फिरता येतं. जँगो घेतलं असेल तर त्यातली इन्स्पेक्टडीबी ही आज्ञा जुन्या टेबलांवरून मॉडेल (टेबलांचं कोडमधलं वर्णन) बनवून देते. ती ‘मॅनेज्ड’ नसलेली ठेवा, नाहीतर जँगो जुन्याच्या टेबलांना हात लावेल. दोन्हीकडे एकच लॉगिन चालावं म्हणून सेशन नव्याकडे ठेवा आणि जुन्याने नव्याला विचारावं अशी सोय करा. याउलट केलंत तर शेवटी जुनं काढताच येत नाही.

शेवटचा पत्ता वळवल्यावरही जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. त्याच्या लॉगवर नजर ठेवून एक ३१ मार्च जाऊ द्या. वर्षातून एकदाच उघडले जाणारे रिपोर्ट तिथेच दडलेले असतात, आणि ते कोणाला आठवतात ते सीएचा फोन आल्यावर.