सेल्फ फिरतोय, पण मिनी ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी धूर बघा

ट्रॅक्टर सुरू होत नाही म्हटलं की ऐकणारा लगेच सांगतो, 'बॅटरी बदल'. दुसरा म्हणतो, 'नोझल गेलं'. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, ऐकणाऱ्याचा खिसा रिकामा होतो. छोट्या डिझेल इंजिनाच्या गरजा मोजक्या आहेत: ते पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, नोझलपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंत, डिझेल पोचलं पाहिजे आणि दाबलेली हवा डिझेल पेटण्याइतकी तापली पाहिजे. यातलं नेमकं काय अडलंय ते कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

टाकीत डिझेल आहे, हँडब्रेक ओढलाय, गिअर न्यूट्रलला आहे, हे धरून चालतो.

किल्ली फिरवा आणि ऐका

काहीच आवाज नाही? क्लच तळापर्यंत दाबा, पीटीओ (अवजारं फिरवणारा शाफ्ट) बंद करा, सीटवर नीट बसा. बहुतेक मिनी ट्रॅक्टरमध्ये या तिन्ही ठिकाणी किंवा त्यातल्या काही ठिकाणी सेफ्टी स्विच असतात. लिव्हर न्यूट्रलला दिसली म्हणजे आतला स्विच दाबला गेलाच असं नाही, ती जरा मागेपुढे हलवून पुन्हा किल्ली मारा. मग फ्यूज बघा. स्क्रूड्रायव्हरने सेल्फची दोन टर्मिनल जोडून ट्रॅक्टर उठवायची सवय मात्र सोडा. त्यात सगळे सेफ्टी स्विच बाजूला पडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होताच चालायला लागतो, आणि जोडणारा माणूस नेमका चाकापुढे उभा असतो. यात माणसं मेली आहेत.

टक-टक-टक असा भराभर आवाज आला, किंवा सेल्फ कुंथत फिरला, तर वीज कमी पडतेय. मल्टिमीटर लावा. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळलं तर बॅटरी संशयित आहे. पण तिला दोष द्यायच्या आधी टर्मिनल घासा आणि अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनाला जोडणारी) तपासा. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर पट्टीखाली गंज किंवा रंग बसलाय. याच कारणाने कितीतरी धडधाकट बॅटऱ्या भंगारात जातात.

सेल्फ जोरात फिरतो, इंजिन उचलत नाही

स्टॉपची दांडी पूर्ण आत आहे ना? हसू नका, बघा. किल्लीने बंद होणाऱ्या इंजिनात डिझेल पंपावर सोलेनॉइड (विजेवर डिझेल चालू-बंद करणारा भाग) असतो. किल्ली ऑन केल्यावर त्याचा 'टक्' ऐकू आला पाहिजे. नसेल तर फ्यूज किंवा वायर.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरकडे बघा. एका वेळी १० सेकंद, मग निदान मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळेल.

पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी. ग्लो प्लगची (थंड इंजिन तापवणाऱ्या विजेच्या कांडीची) वायर सोडवून एकेकाचा रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग साधारण १ ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेल्यात मीटर वाट तुटल्याचं दाखवतो. तीन सिलिंडरांपैकी एक प्लग गेला तर इंजिन रडत का होईना उचलतं, थंडीत दोन गेले की बसतं. एअर फिल्टर चोंदलाय का, तेही याच वेळी बघा. आणि ग्लो प्लग असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे (इंजिन लवकर पेटावं म्हणून हवेच्या वाटेत मारतात तो) मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात, रॉडही वाकतो. 'आम्ही नेहमी मारतो' म्हणणारे इंजिन खोलायचा खर्च सांगत नाहीत.

धूरच नाही? मग डिझेल पोचत नाहीये. यातल्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या डिझेल लाइनीत हवा अडकलेली असते. मला सगळ्यात जास्त छळलंय ते याच दुखण्याने, त्यामुळे इथे जरा सविस्तर सांगतो.

हवा काढणं, आणि ती आली कुठून ते शोधणं

आधी एक इशारा. तुमचं इंजिन कॉमन रेलचं (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) असेल तर हाय प्रेशर पाइपच्या नटांना पाना लावू नका. त्या रेलमध्ये १००० बारच्या वर दाब असतो. पुढचं सगळं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनासाठी आहे.

टाकी अर्ध्याच्या वर भरा. फिल्टर, पंप आणि पाइपांच्या जोडांवरची धूळ आधी पुसा, कारण नट सैल झाला की ती आतच जाते. फिल्टर बदलला असेल तर त्यात डिझेल बाहेरच्या छोट्या भोकांतूनच ओता. मधल्या भोकातून ओतलेलं न गाळता थेट पंपात जातं.

फिल्टरवरचा एअर स्क्रू दोनएक आटे सैल करा, काढू नका. हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. स्क्रू आवळायचा तो धार चालू असताना, प्रायमर दाबलेला ठेवूनच. प्रायमर सोडून मग आवळला तर तेवढ्यात हवा परत आत ओढली जाते आणि तुम्ही तासभर तेच करत बसता. हवा काढूनही गाडी उचलत नाही असं म्हणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. ज्यांच्याकडे प्रायमरऐवजी इलेक्ट्रिक फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा) आहे त्यांनी किल्ली ऑन ठेवावी, पंपाची टिकटिक ऐकू यायला हवी.

मग इंजेक्शन पंपावरचा (नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपावरचा) एअर स्क्रू, याच पद्धतीने.

एवढ्यावर बरीच इंजिनं उचलतात. नाहीच उचललं तर नोझलकडचे नट अर्धा ते एक आटा सैल करा, थ्रॉटल पूर्ण ओढा आणि सेल्फ मारा. नट आधी थुंकल्यासारखे करतील, मग ठोक्याठोक्याला डिझेल येईल. आलं की एकेक आवळत जा. हात लांब, डोळ्यांवर चष्मा. दाबाखालची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र मांस सडतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आता खरं काम. हवा काढली, इंजिन सुरू झालं आणि लोक पाने उचलून निघून जातात. दोन दिवसांनी सकाळी पुन्हा तेच. हवा आपोआप शिरत नाही, तिला वाट आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. तिथे फट असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, इंजिन तिथून हवा पितं. फीड पंपाच्या पुढे फट असेल तर डिझेल पाझरताना दिसतं. म्हणून 'कुठेच गळत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे' हा हिशोब चुकतो.

माझी ठरलेली चाचणी अशी: संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर टाकीचा कॉक बंद करा. सकाळी उघडा आणि सेल्फ मारा. रोज त्रास देणारं इंजिन लगेच उचललं तर रात्रीत डिझेल टाकीकडे परत उतरत होतं, ग्लो प्लगच्या मागे लागू नका. कॉक उघडायला विसरलात तर पुन्हा हवा काढायची, ते वेगळं.

जागा शोधायला फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवा. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे धावताना दिसले की एकेक जोड मागे मागे तपासत जा. पहिला संशय क्लिपखाली चिरलेल्या रबरी नळीवर. मग पाणी साठणाऱ्या वाटीची ओ-रिंग, मग बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर, आणि कुणाच्या ध्यानात न येणारा हँड प्रायमर स्वतः. वायसर दरवेळी नवे घाला. एकदा चेपलेला वायसर कितीही आवळला तरी बसत नाही, आटे मात्र जातात. नवा नसेलच तर जुना लालबुंद तापवून गार करा, तो मऊ होतो. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिच्या चिंध्या पंपात जातात.

अर्धा तास चालून बंद पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या टाकीचं झाकण उघडून बघा. 'फुस्स' आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. ते साफ करा.

सगळं नीट असूनही नुसता पांढरा धूर येतोय, सेल्फही जोरात फिरतोय, तर कॉम्प्रेशन गेज लावायची वेळ आली. निरोगी छोट्या इंजिनात साधारण ३० किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळतं. किमान मर्यादा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा, आणि सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत आहे का तेही. नसेल तर आधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स मोजा. तेही बरोबर असेल तर हेड किंवा रिंगांचं काम आहे, आणि ते वर्कशॉपमध्येच करून घ्या.