पीए म्हणून पहिली नोकरी धरताना या चुका टाळा

अमेरिकेत पॅन्स ही पात्रता परीक्षा पास होऊन राज्याचा परवाना मिळाला की फिजिशियन असिस्टंटला, म्हणजे पीएला, पेशंट तपासता येतो, निदान करता येते, औषध लिहून देता येते. डॉक्टरांना पदवीनंतर सहसा किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले देखरेखीखालचे प्रशिक्षण, करावी लागते. पीएला तशी सक्ती नाही, म्हणजे त्याची पहिली नोकरी हीच त्याची रेसिडेन्सी. तरीही ऑफर आली की घरात आधी चर्चा होते ती अमक्यांच्या मुलीला किती मिळतात याची. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

‘आम्ही शिकवू’ या शब्दावर विसंबणे

मुलाखतीत प्रत्येक क्लिनिक हे सांगते. विचारायचे ते असे: पहिल्या आठवड्यात दिवसाला किती पेशंट? तिसऱ्या महिन्यात किती? अडले तर कुणाला विचारायचे, आणि ती व्यक्ती त्या वेळी इमारतीत असते का? नव्या पीएसाठी फॅमिली मेडिसिनमध्ये सुरुवातीला दिवसाला आठ-दहा पेशंट, प्रत्येकी ४० मिनिटे, आणि तीन ते सहा महिन्यांत हळूहळू अठरा-वीसपर्यंत चढ, हे वाजवी म्हणता येईल. दुसऱ्याच आठवड्यात पूर्ण वेळापत्रक लावणारी जागा शिकवणार नसते, रिकामी खुर्ची भरत असते.

मान्य झालेला हा चढ करारात किंवा त्याच्या परिशिष्टात लिहून घ्या. ज्याने तोंडी शब्द दिला तो मॅनेजर तुम्ही रुजू होईपर्यंत नोकरी सोडून गेलेला असू शकतो.

अर्जंट केअरमध्ये, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय तातडीचे पेशंट पाहणाऱ्या क्लिनिकमध्ये, एकट्याने शिफ्ट आणि डॉक्टर फक्त फोनवर, ही ऑफर नवख्याने घेऊ नये, पैसे कितीही असोत. छातीत दुखणाऱ्या पेशंटला घरी पाठवायचे की ॲम्ब्युलन्स बोलवायची, हा निर्णय पुस्तकातून येत नाही. तो कुणीतरी शेजारी उभे राहून शंभर वेळा दाखवावा लागतो.

ऑफर स्वीकारण्याआधी अर्धा दिवस तिथे बसून काम पाहू द्या म्हणून सांगा आणि तिथल्या एखाद्या पीएशी मॅनेजर समोर नसताना बोला. ‘ही जागा का रिकामी झाली?’ आणि ‘दोन वर्षांत किती पीए सोडून गेले?’ हे दोन प्रश्न पुरतात. उत्तर देताना समोरचा चाचरला तर तेही उत्तरच.

वार्षिक आकड्याला भुलणे

१,२०,००० डॉलरची नोकरी १,१२,००० डॉलरच्या नोकरीपेक्षा मोठी दिसते. पहिलीत रोज संध्याकाळी दोन तास चार्टिंग (पेशंटच्या नोंदी लिहिणे) घरी न्यावे लागत असेल, तर आठवडा ५० तासांचा होतो आणि तासाला सुमारे ४६ डॉलर पडतात. दुसरीत खरोखर ४० तास असतील तर सुमारे ५४. इनबॉक्स, रिपोर्ट आणि रिफिलच्या विनंत्या यांना वेळापत्रकात राखीव वेळ आहे का, हे म्हणूनच विचारायचे.

उत्पादकतेवरचा बोनस नीट समजून घ्या. तो बहुधा आरव्हीयू नावाच्या कामाच्या एककांवर मोजतात. पण क्लिनिक तुमच्या भेटी ‘इन्सिडेंट-टू’ पद्धतीने डॉक्टरांच्या नावावर बिल करत असेल, तर मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याकडून डॉक्टरांच्या दराच्या ८५ ऐवजी १०० टक्के मिळतात आणि ती एकके डॉक्टरांच्या खात्यात दिसतात. पेशंट तुम्ही पाहिले, बोनसच्या कागदावर मात्र तुम्ही नाहीच! माझे काम कसे मोजणार आणि दर महिन्याला त्याचा तक्ता मिळणार का, एवढे लेखी मागा.

काही लहान क्लिनिक पगारदार न ठेवता १०९९ फॉर्मवर कंत्राटी म्हणून घेतात. मग सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे दोन्ही वाटे, म्हणजे १५.३ टक्के, तुमच्या खिशातून जातात. सुट्टी, आरोग्यविमा आणि बरेचदा व्यावसायिक दायित्वाचा विमाही तुमचा तुम्हीच पाहायचा.

विम्याचा प्रकार न विचारणे

मालप्रॅक्टिस विमा, म्हणजे वर म्हटलेला व्यावसायिक दायित्वाचा विमा, दोन तऱ्हेचा असतो. ‘ऑकरन्स’ पॉलिसीत घटना पॉलिसीच्या काळात घडली की पुरे, दावा पाच वर्षांनी आला तरी संरक्षण मिळते. ‘क्लेम्स-मेड’मध्ये दावा दाखल होतानाही पॉलिसी चालू असावी लागते. नोकरी सोडली की ती पॉलिसी थांबते आणि मागच्या कामासाठी ‘टेल’ नावाचे वाढीव संरक्षण घ्यावे लागते. त्याची किंमत वार्षिक हप्त्याच्या दीडपट-दुप्पट सहज जाते. ‘टेलचा खर्च मालक करेल’ हे वाक्य करारात नसेल, तर तो खर्च तुमचा असे समजून चाला.

बाहेर पडण्याची कलमे न वाचणे

नोकरी सोडल्यावर जवळपास दुसरीकडे काम करायला मनाई करणाऱ्या नॉन-कॉम्पीट कलमात मैल आणि महिने पाहा. मैल कुठून मोजायचे, तुम्ही बसता त्या क्लिनिकपासून की संस्थेच्या प्रत्येक शाखेपासून? वीस शाखांच्या संस्थेत दहा मैल म्हणजे अख्खे शहर गेले. कॅलिफोर्नियात असे कलम लागू होत नाही, इतर राज्यांत नियम वेगवेगळे आहेत. केंद्रीय पातळीवर २०२४ मध्ये जाहीर झालेली बंदी न्यायालयाने अडवली, त्यामुळे तिच्या भरवशावर सही करू नका. आरोग्यक्षेत्रातल्या करारांचा अनुभव असलेल्या, त्याच राज्यातल्या वकिलाकडून करार तपासून घ्यायला काही शे डॉलर लागतात. ते घालवावेत.

रुजू होण्याची तारीख अंदाजाने ठरवणे

क्रम ठरलेला आहे: पॅन्सचा निकाल, राज्याचा परवाना, मग नियंत्रित औषधे लिहिण्यासाठीची डीईए नोंदणी (तीन वर्षांसाठी ८८८ डॉलर, हे मालकाकडून मागता येतात), मग रुग्णालयाचे आणि विमा कंपन्यांचे क्रेडेन्शियलिंग, म्हणजे तुमच्या पात्रतेची पडताळणी. शेवटच्या टप्प्यालाच ९० ते १२० दिवस लागू शकतात. एनपीआय हा बिलासाठी लागणारा ओळख क्रमांक फुकट आहे, तो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. क्रेडेन्शियलिंग पूर्ण होईपर्यंत पगार मिळणार का, हे विचारल्याशिवाय नव्या शहरात घर भाड्याने घेऊ नका.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी हा मुद्दा फारच नाजूक आहे. ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीच्या, १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बेरोजगार राहता येत नाही आणि परवान्याची वाट पाहण्यात गेलेले दिवसही त्यात धरले जातात. विद्यापीठाशी संलग्न ना-नफा रुग्णालयांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेचे बंधन नसते, म्हणून शोध तिथूनच सुरू केलेला बरा.

आधीच फसला असाल तर

रुजू झाल्यावर पेशंटचा लोंढा ठरल्यापेक्षा जास्त निघाला, तर आधी दोन आठवड्यांची नोंद ठेवा: रोजचे पेशंट, घरी नेलेले चार्टिंग, डॉक्टरांना विचारायला गेलात पण ते सापडले नाहीत असे प्रसंग. पेशंटची नावे अर्थातच नकोत. ती नोंद घेऊन पर्यवेक्षक डॉक्टरांना भेटा, मॅनेजरला नंतर. मागणी नेमकी ठेवा: ‘पुढचे आठ आठवडे दिवसाला बारा पेशंट आणि दुपारी अर्धा तास तुमच्याबरोबर केस-चर्चा.’ बोलणे झाल्यावर त्याच दिवशी ईमेलने ते लेखी करून ठेवा.

महिनाभरात काहीच हलले नाही तर नवी जागा शोधायला लागा, पण राजीनामा लगेच देऊ नका. नोटीस ६० ते ९० दिवसांची आणि नव्या जागेचे क्रेडेन्शियलिंग त्याहून लांब, तेव्हा नव्या करारावर सही आणि तिथल्या अर्जांची कागदपत्रे आधी, राजीनामा त्यानंतर. साइनिंग बोनस घेतला असेल तर तो किती महिन्यांच्या आत परत करावा लागतो हे पाहा. काही करारांत पूर्ण रक्कम मागतात, काहींत उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. निघताना तुम्ही केलेल्या प्रोसिजरची यादी संस्थेकडून प्रमाणित करून घ्या, पुढचे रुग्णालय प्रिव्हिलेज (त्या प्रोसिजर तिथे करण्याची परवानगी) देताना तीच मागते.