तपासणी शिबिरातल्या या चुका टाळा, यामुळेच बायका परत येत नाहीत

बेळगावकडच्या खानापूर, निपाणी भागातल्या शिबिरांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीला मी नर्स म्हणून बरीच वर्षं उभी राहिलेय, आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच वैताग आलाय.

सगळ्यात वाईट म्हणजे "अंग सैल सोडा, सैल सोडा" असं ओरडणं. अहो, जिच्यावर कधी जबरदस्ती झालीय, जिनं नवऱ्याचा मार खाल्लाय किंवा बाळंतपणात टेबलावर मांडीवर चापट्या खाल्ल्यात, ती मुद्दाम अंग आवळत नाही, खालचे स्नायू आपोआप आवळतात, त्यात स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत बघायचं साधन) ढकललं की दुखतं आणि दुखलं की अजून आवळतात. विड्या वळणारी एक चाळिशीतली बाई टेबलावर झोपली ती एकदम गप्प, नजर पंख्यावर. नवीन सिस्टरला वाटलं किती शांत पेशंट! मी बघितलं तर चादर मुठीत धरलेली, श्वास अडकलेला. लगेच थांबवलं, उठून बसवलं, साडी नीट करू दिली. हळूच म्हणाली, "पहिल्या बाळंतपणाला असंच धरून ठेवलं होतं मला, चौघींनी." त्या दिवशी तपासणी केलीच नाही. महिन्याभरानं स्वतःहून आली, लहान मापाचं स्पेक्युलम आधी तिच्या हातात दिलं, हात वर केलात की मी थांबणार असं ठरवलं, आणि झालं की व्यवस्थित. गप्प बसली म्हणजे चालतंय, असं धरून चालू नका.

सासूला आत घेऊ नका.

बाई मराठी आणि सूचना सगळ्या कानडीत, असं असेल तर मराठी येणारी आशाताई उशाशी हवीच. गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरसारखं पातळ द्रावण) लावून एक मिनिट थांबायचं असतं, गार लागेल, थोडं चुरचुरेल, हे आधी सांगा, नाहीतर बाई दचकते.

"तुमच्यावर काय झालं होतं?" असं खोदून विचारू नका. "आधीच्या तपासणीत त्रास झाला होता का?" एवढं पुरे.

आणि टार्गेटची घाई तर मला अजिबात सहन होत नाही. ३० ते ६५ वयात दर ५ वर्षांनी ही तपासणी करायची असते, एकदा घाबरवलेली बाई पुढची सगळी वर्षं टाळते. एचपीव्ही टेस्टची (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याच्या तपासणीची) सोय असेल तिथं नमुना बाईला स्वतःच घेता येतो, तेवढं तरी विचारा तिला, टेबलावर घ्यायच्या आधी.